कै. लक्ष्मीबाई टिळक : दुभंगलेला संसार पुन्हा कसा जुळला

नगर जिल्ह्यातील आमच्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची भजने ज्यांच्या कानी पडली नाहीत असे बंधुभगिनी क्वचितच सापडतील. टाळ-मृदंगाच्या साथीने आपण ती गातो, आणि गाताना आपली अंतःकरणे प्रभूकडे ओढली जातात. परंतु ज्या घरात ती रचली गेली, त्या घरावर एके काळी कोणते संकट कोसळले होते, व ते घर पुन्हा कसे उभे राहिले, हे पुष्कळांस ठाऊक नाही. त्या घराची स्वामिनी लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

हे चरित्र निवडण्यास एक कारण आहे. गावोगाव फिरणाऱ्या आमच्या उपदेशकांस वारंवार एक अवघड प्रश्न पडतो. नवरा प्रभूकडे वळला, बायको वळली नाही. किंवा बायकोने बाप्तिस्मा घेतला, नवरा जुन्या मार्गावरच राहिला. भाऊबंद एका बाजूने ओढतात, मंडळी दुसऱ्या बाजूने ओढते, आणि मध्ये लेकरे रडतात. अशा वेळी उपदेशकाने काय सल्ला द्यावा? पंचांनी काय म्हणावे? आणि ज्याच्या घरी हे घडले आहे त्याने स्वतः कसे वागावे? लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात या प्रश्नाचे उत्तर पुस्तकी शब्दांनी नव्हे, तर प्रत्यक्ष सोसून लिहिलेले आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली झाला. माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचे. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. घर चित्पावन ब्राह्मणाचे, आणि वडिलांचे सोवळे एवढे कडक की बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घेण्याची सोय नव्हती. कोणाची सावली पडली, कोणाचा स्पर्श झाला, याच काळजीत घरातील माणसांचा दिवस जाई. ज्या बाईस पुढे सर्व जातींच्या लेकरांस पोटाशी धरावयाचे होते, तिचे बालपण असे गेले.

१८८० साली त्यांचे लग्न झाले. त्या वेळी त्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. वर नारायण वामन टिळक. यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला होता. आईवर त्यांचे अतिशय प्रेम होते; पण ती लहानपणीच गेली, आणि वडिलांच्या तापट स्वभावामुळे घरात थारा राहिला नाही. पोरक्यासारखा हा मुलगा नाशिकास आला व तेथे संस्कृत विद्या शिकला. बुद्धी अलौकिक, वाणी रसाळ, आणि कवित्वाची देणगी जन्मजात. परंतु संसार करण्यास जे गुण लागतात ते त्यांच्या ठायी थोडेच होते.

हे आम्ही मुद्दाम लिहितो. मोठ्या माणसांची चरित्रे सांगताना त्यांचे दोष झाकण्याची रीत आहे. पण लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणी लिहिताना ती रीत पाळली नाही, मग आम्ही तरी का पाळावी? टिळकांचा राग भडकला म्हणजे आवरत नसे. नोकरी लागे आणि सुटे. एका गावी बिऱ्हाड थाटावे, तो दुसऱ्या गावी जाण्याची वेळ येई. संसारासाठी मिळालेला पैसा वाटेत भेटलेल्या एखाद्या गरजूच्या हाती जाई, किंवा मनात भरलेल्या एखाद्या वस्तूवर खर्च होई, आणि घरी चूल पेटावी कशी ही चिंता बायकोने करावी. कधी कधी तर ते कोठे गेले हेही घरी कळत नसे. प्रथम झालेली अपत्ये लहानपणीच दगावली. १८९१ साली दत्तू, म्हणजे पुढे देवदत्त नारायण टिळक या नावाने प्रसिद्धीस आलेला मुलगा जन्मला, आणि आईचा जीव त्याच्यावर जडला.

तथापि या संसारात प्रेम नव्हते असे कोणी समजू नये. टिळकांनीच बायकोस अक्षरओळख करून दिली. त्या काळी ब्राह्मणाच्या घरी सून पुस्तक हाती घेते म्हणजे नावे ठेवण्याजोगी गोष्ट. पण टिळकांस त्याची पर्वा नव्हती. शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई नवऱ्याच्या कवितांची पहिली श्रोती झाली. भांडणही मोठे व प्रेमही मोठे, असा तो संसार होता.

पुढे टिळक नागपुरास होते. तेथून राजनांदगावास जाताना १८९३ च्या सुमारास आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाची व त्यांची गाठ पडली. गोष्टीवरून गोष्ट निघाली. त्या गृहस्थांनी त्यांस नव्या कराराची एक प्रत दिली आणि ती वाचण्याची विनंती केली. टिळक वाचू लागले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी येताच पुस्तक खाली ठेववेना. ज्याचा शोध ते वर्षानुवर्षे करीत होते ते त्यांस तेथे मिळाले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता त्या दिवशी दुसऱ्या बाजूस काय घडले ते पाहा. लक्ष्मीबाई आपल्या लहान मुलासह नातलगांकडे होत्या. नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी तेथे आली. आज आपणांस ही आनंदाची वार्ता वाटते; पण त्या घरी ती मृत्यूच्या वार्तेसारखी आली. किंबहुना मृत्यूहूनही वाईट. कारण नवरा मेला तर बाईने काय करावे हे शास्त्राने सांगितले होते. नवरा जिवंत असून जातीबाहेर गेला तर तिने कोणते आयुष्य जगावे, हे कोणी सांगावे? ती सधवाही नव्हे आणि विधवाही नव्हे. लक्ष्मीबाईंची अन्नावरील वासना उडाली, झोप गेली, मनाचा तोल जातो की काय अशी स्थिती झाली. नातलगांनी त्यांस डोळ्यांआड होऊ दिले नाही.

अशा रीतीने नवराबायकोची ताटातूट झाली, ती चार वर्षांहून अधिक काळ टिकली. या काळात बाई काही दिवस पंढरपुरासही राहिल्या. टिळक इकडे नगरास आले. नगर हे अमेरिकन मराठी मिशनचे जुने ठाणे. १८३१ पासून तेथे मिशनचे काम चालू होते. डॉ. ह्यूम यांच्या ईश्वरविद्येच्या शाळेत टिळक शिकवू लागले. दिवसा विद्यार्थ्यांस शिकवावे, मंडळीत उपदेश करावा, आणि रात्री रिकाम्या घरी यावे, असा त्यांचा क्रम चालला.

येथे आमच्या वाचकांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. त्या काळी १८६६ सालचा एक कायदा अमलात होता. एखादा मनुष्य ख्रिस्ती झाला, आणि केवळ त्या कारणाने त्याच्या जोडीदाराने सहा महिने त्याच्याशी राहण्याचे नाकारले, तर त्यास कोर्टात अर्ज करता येत असे. कोर्ट दोघांस विचार करण्यास एक वर्षाची मुदत देई, आणि तरीही जोडीदार न आला तर लग्न मोडून दुसरे लग्न करण्याची मोकळीक मिळे. टिळकांस हा मार्ग उघडा होता. ते तरुण होते, विद्वान होते, मिशनमध्ये त्यांस मान होता. दुसरा कोणी असता तर जुने घर गेले ते गेले असे म्हणून नवे घर बांधता. टिळकांनी ते केले नाही. ते पत्रे लिहीत राहिले व वाट पाहत राहिले.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात अशाच घरांविषयी लिहिले आहे. विश्वास न ठेवणारी बायको जर नवऱ्याजवळ नांदण्यास राजी असेल तर त्याने तिला सोडू नये, असा त्याच्या शिक्षणाचा सारांश आहे. पण येथे तर बायको राजी नव्हती. तरीही टिळकांनी दार लावून घेतले नाही. हे त्यांच्या विश्वासाचे पहिले फळ असे आम्हांस वाटते. जो मनुष्य पूर्वी क्षुल्लक कारणाने घर सोडून निघून जात असे, तोच आता वर्षानुवर्षे एका ठिकाणी थांबून तिची वाट पाहू लागला.

आणि लक्ष्मीबाईंचे काय? त्यांनीही दार लावून घेतले नाही. जातीचे म्हणणे असे की तो मनुष्य आपणांस मेला. बाईंस ते कधीच पटले नाही. नवऱ्याचा धर्म त्यांस नको होता. नवरा हवा होता. लोकांच्या बोलण्याने त्या भाजून निघाल्या, स्वतः टिळकांवरही रागावल्या, तरी मनाचा तो धागा त्यांनी तुटू दिला नाही. दोघांनी दोन टोकांस धरून ठेवलेला तो एक धागा, एवढ्यावरच हा संसार पुढे जुळला.

शेवटी त्या टिळकांजवळ आल्या. पण आल्या त्या ख्रिस्ती होण्यास नव्हे, हे विसरू नये. त्यांचे सोवळे त्यांच्याबरोबर आले. त्यांचा स्वयंपाक निराळा, पाणी निराळे, भांडी निराळी. एका छपराखाली दोन धर्म नांदू लागले. ख्रिस्ती मंडळीत मान्यता पावलेल्या गृहस्थाच्या घरी बायको नवऱ्यासही शिवेनाशी व्हावी, याचे पुष्कळांस नवल वाटले असेल. काहींनी बोटही दाखविले असेल. पण टिळकांनी तिच्यावर जुलूम केला नाही. वाद होत, कडाक्याचे होत. दोघांपैकी कोणीही बोलण्यात हार जाणारे नव्हते. तथापि तिची चूल तिच्या मनाविरुद्ध त्यांनी मोडली नाही.

ज्या उपदेशकांस घाई असते त्यांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. टिळकांनी त्या वेळी हुकूम केला असता तर कदाचित बाईंनी बाप्तिस्मा घेतलाही असता; कारण जावे कोठे? पण तो बाप्तिस्मा पाण्याचा झाला असता, मनाचा नव्हे. आणि संसार वरून जुळलेला दिसून आतून कायमचा फाटला असता.

पुढे जे घडले ते बाईंच्या स्वतःच्या विचाराने घडले. नगर-राहुरीकडे असताना त्यांच्या मनात एक प्रश्न उभा राहिला. माणसामाणसांत ही जात कोणी केली? देवाने केली की माणसांनी? देवाने पशू व पक्षी निराळे केले, ते पाहताच ओळखू येतात. पण माणसाच्या देहावर अशी कोणती खूण आहे की हा ब्राह्मण आणि हा महार? विचार करता करता त्यांस कळून चुकले की ही सर्व माणसांची करणी आहे. एकदा हे कळल्यावर त्या अर्ध्यात थांबणाऱ्या नव्हत्या. त्यांनी सोवळे टाकले, आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेऊ लागल्या. सोवळ्याने बांधलेल्या माहेराची ती मुलगी त्या दिवशी मोकळी झाली. यानंतर ख्रिस्तावरील विश्वास त्यांच्या मनात वाढत गेला, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

क्रम पाहा. प्रथम नवराबायको एकत्र आली. मग जातीचा अडसर गळाला. मग विश्वास आला. आणि सर्वांच्या शेवटी बाप्तिस्मा. पुष्कळ ठिकाणी आपण हा क्रम उलटा करू पाहतो, आणि फळ न येता झाडच मोडते.

बाप्तिस्म्यानंतर टिळकांच्या घरी स्वर्ग अवतरला, असे जर आम्ही लिहिले तर ते खरे होणार नाही. टिळकांचा राग एका दिवसात गेला नाही. पैसा हाती टिकू लागला नाही. घरात पाहुणे येत, ते जाण्याचे नाव घेत नसत. अनाथ लेकरे येत, ती घरचीच होत. डब्यात पीठ किती आहे हे टिळक पाहत नसत; पाहावे लागे ते बाईंस. पण आता एक मोठा फरक पडला होता. पूर्वी टिळक देत आणि बाईंस सोसावे लागे. आता देणारी दोघे झाली. पूर्वी ज्या गोष्टीवरून भांडण होई तीच गोष्ट आता दोघांची सेवा झाली. घरचे दारिद्र्य होते तसेच राहिले, पण ते एकटीचे राहिले नाही.

ते दिवसही तसेच होते. १८९९-१९०० च्या दुष्काळाने नगर जिल्हा होरपळून निघाला. त्यास लोक छप्पनचा दुष्काळ म्हणतात, कारण त्या वेळी विक्रम संवत् १९५६ चालू होता. त्यात प्लेगच्या साथी आल्या. शेकडो लेकरे निराधार झाली. एके काळी परक्याच्या सावलीस भिणाऱ्या लक्ष्मीबाईंनी प्लेगने आजारी पडलेल्या मुलींची शुश्रूषा केली. ज्या रोग्याजवळ सख्खे नातलग जाण्यास कचरत, त्याच्या उशाशी त्या बसल्या.

१९०४ साली टिळकांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. त्यांच्या घराचे दार ख्रिस्ती आणि हिंदू दोघांस सारखेच उघडे असे. बालकवी म्हणून महाराष्ट्रात गाजलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे हे तरुण वयात नगरास टिळकांच्या घरी राहिले. ते हिंदूच होते व हिंदूच राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांस मुलासारखे वागविले. पुढे १९१८ साली रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले. ज्या घराची एके काळी धर्माच्या भेदाने दोन शकले झाली होती, त्याच घरात भिन्न धर्माचा मुलगा निर्धास्तपणे नांदावा, हीच त्या घराच्या बरे होण्याची साक्ष आहे.

१९१२ पासून टिळक ज्ञानोदयाचा मराठी भाग संपादीत होते. १९१७ साली त्यांनी मिशनच्या पगाराचा त्याग केला, आणि पुढे साताऱ्यास देवाचा दरबार स्थापिला. जातिभेद व पंथभेद न मानता ख्रिस्ताचे अनुयायी एकत्र यावेत असा त्यांचा हेतू होता. पगार गेला म्हणजे घर कशावर चालावे? वीस वर्षांपूर्वीच्या बाईंनी याच प्रश्नावरून आकाशपाताळ एक केले असते. आता त्या नवऱ्याच्या बाजूस उभ्या राहिल्या. ९ मे १९१९ रोजी मुंबई येथे टिळक प्रभूकडे गेले. लग्नास जवळजवळ चाळीस वर्षे होत आली होती.

त्यानंतर बाई सुमारे सतरा वर्षे जगल्या. ही वर्षे त्यांनी केवळ शोकात घालविली नाहीत. टिळकांनी प्रभू येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्यास घेतले होते. त्यास ख्रिस्तायन असे नाव होते. आरंभीचे काही अध्याय होऊन ते काम अपुरे राहिले होते. लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि साठांहून अधिक अध्याय रचले. जी बाई ख्रिस्ताच्या नावाने एके काळी वेडीपिशी झाली होती, तिनेच त्याचे चरित्र आपल्या हाताने पुढे नेले. मुलाच्या आग्रहावरून त्यांनी आपल्या आयुष्याच्या आठवणीही लिहिल्या. स्मृतिचित्रे या नावाने त्यांचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला, आणि मराठी भाषेतील उत्तम आत्मचरित्रांत त्याची गणना आजही होते. त्यात त्यांनी आपल्या पतीचे दोष लपविले नाहीत, आणि आपलेही लपविले नाहीत. पण वाचून झाल्यावर वाचकाच्या मनात राहते ते प्रेमच. क्षमा म्हणजे विसरणे नव्हे, तर सर्व आठवूनही प्रेम करणे होय, हे त्या ग्रंथावरून शिकावे. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाई निवर्तल्या.

आता आमच्या उपदेशक बंधूंस दोन शब्द. तुमच्या गावी असे फाटलेले घर असेल तर प्रथम ज्याने बाप्तिस्मा घेतला आहे त्याजकडे जा. जो राहिला आहे त्याजकडे नंतर जा. नवा विश्वासी घरी कसा बोलतो, राग आला म्हणजे काय करतो, मजुरीचा पैसा कोणाच्या हाती देतो, हे त्यास विचारा. त्याच्या जोडीदाराने अजून शुभवर्तमान वाचलेले नसेल. पण तो रोज या मनुष्यास वाचीत असतो. आणि सोडचिठ्ठीचा सल्ला घाईने देऊ नका. मात्र जेथे मारहाण आहे, जिवास धोका आहे, तेथे बाईस व लेकरांस आधी सुरक्षित ठिकाणी न्या. धीर धरण्याचा उपदेश मार खाणाऱ्यास करावयाचा नसतो.

ज्या भगिनींचा नवरा, किंवा ज्या बंधूंची पत्नी अजून दूर आहे, त्यांस आम्ही एवढेच सांगतो की दार उघडे ठेवा. निराळी चूल असेल तर असो. एक छप्पर तरी राहू द्या. टिळकांस चार वर्षांहून अधिक वाट पाहावी लागली, आणि त्या वाट पाहण्याने आधी त्यांच्यातच पालट झाला. तुम्हांस याहून अधिक काळ थांबावे लागेल, किंवा कमीही लागेल. ज्या प्रभूने नगरातील ते एक घर पुन्हा जोडिले, तो तुमच्याही उंबरठ्यावर उभा आहे. त्याची कृपा तुम्हां सर्वांच्या घरांवर राहो.